सात वाजताचे थेंब

प्रिय सानू आणि ओम,

मेहकरहून मी निघाले त्या दिवशी सकाळी सात वाजता कमळच्या डोळ्यांत थेंब टाकले. दोन्ही डोळ्यांत एकेक. बाटलीचं झाकण घट्ट लावलं, ती कोनाड्यात तिच्या हाताला लागेल अशी ठेवली आणि बाहेर आले. दारात तुमच्या मेधाआत्याने आणलेली गाडी उभी होती. मागच्या सीटवर माझ्या गुडघ्यांसाठी दोन उशा रचल्या होत्या. मला आत बसवायलाही कमळच लागली. तिने काखेत हात घालून मला उचललं, पाय एकेक करून आत ठेवले आणि गाडीचं दार हातानेच चाचपून लावलं.

मी रडत होते. तिला ते दिसत नव्हतं, पण कळलं.

"काऊन रडून राह्यली वं वैनी? पाय दुरुस्त कराले चालली, सासरी नाही चालली."

"संक्रांतीला येते," मी म्हटलं. "तोवर तुझं होईल ना सगळं?"

"आय कॅन," ती म्हणाली आणि हसली. "जाय आता. डायवर खोळंबला."

गाडी वळेपर्यंत ती दारात उभी होती. हात वर केलेला, पण तोंड जरा भलतीकडे, आमच्या डाव्या बाजूला. गाडी कुठे पोचली असेल याचा तिने आवाजावरून अंदाज बांधला होता आणि तो थोडा चुकला होता.

सानू, गेल्या महिन्यात तू मला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस की तुमच्या रविवारच्या मराठी वर्गात बाईंनी 'कॅन'साठी फळ्यावर चार-पाच शब्द लिहिले, त्यातला नेमका कुठला वापरायचा? मी लिहिलं, सविस्तर सांगते. मग महिनाभर काहीच लिहिलं नाही. सांगायला बसले की दर वेळी कमळच आठवायची आणि हात थांबायचा. आता कमळसकटच सांगते. तुम्ही दोघं तिला कमळाआजी म्हणायचात. ओमला ती बहुधा आठवतच नसेल, कारण तुम्ही मेहकरला आला होतात तेव्हा तो रांगत होता.

कमळ तुमच्या आजोबांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. त्याच वर्षी मी दुसरबीडहून त्या घरात सून म्हणून आले. आमच्या गावातून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिलीच मुलगी. मेहकरच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, घर कोण पाहील? कमळ म्हणाली, मी हाय नं. पुढे तुमचे बाबा झाले, मेधा झाली. मी सकाळी साडेदहाला बाहेर पडायचे ती सहाला परत यायचे. माझी सगळी नोकरी तिच्या हातांवर चालली. हे मी तेव्हाही जाणून होते, पण तिला कधी बोलून दाखवलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर मी शिकवणी घ्यायचे. मुलं एका सुरात घोकायची, आय कॅन रन, आय कॅन स्विम. आत चुलीपुढून कमळ ओरडायची, "आय कॅन भाकर!" मुलं हसून लोळायची. तेवढं एकच इंग्रजी ती शिकली आणि आयुष्यभर वापरलं. गॅसचं सिलिंडर एकटीने सरकवलं, आय कॅन. तुमचे आजोबा गेले त्या दिवशी घरभर माणसं होती. सगळ्यांचा स्वयंपाक कोण करणार असं कोणी विचारलं, तेव्हाही ती हळूच तेच म्हणाली.

आता तुझं उत्तर. इंग्रजीला 'कॅन' हा एकच शब्द पुरतो. आपल्याकडे पोहता 'येतं' म्हणजे ते शिकलेलं आहे. यायला 'जमतं' म्हणजे वेळ आहे, सोय आहे. कामं 'होतात' म्हणजे अंगात तेवढं बळ उरलं आहे. आणि चालवत नाही, खाववत नाही, बघवत नाही म्हणजे शरीर किंवा मन नको म्हणतं, तिथे कोणाचा इलाज नाही. एवढ्यावर थांबायचं नाही. 'जिना चढता आला' म्हटलं की तो एकदा चढून झाला. 'जिना चढता येतो' म्हणजे उद्याही येईल. 'जिना चढता येत होता' म्हटलं, तर चढलात की नाही ते कोणालाच कळत नाही. मी मुलांना हे उदाहरणं देऊन शिकवायचे आणि वहीत लाल शाईने बरोबरची खूण करायचे. चुका सापडल्या नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही. माझी स्वतःची चूक मात्र मला सापडली नाही.

आजोबा गेल्यावर त्या तीन खोल्यांच्या घरात आम्ही दोघीच उरलो. माझे गुडघे आणि बोटं संधिवाताने आखडत गेली, तिचे डोळे काचबिंदूने आतल्या आत विझत गेले. तिला कडेचं दिसायचं बंद झालं होतं, समोरचं फक्त नळीतून पाहावं तसं दिसायचं. डॉक्टर म्हणाले होते, गेलेलं परत येणार नाही, पण थेंब चुकवले नाहीत तर आहे ते टिकेल. म्हणून सकाळी सात, संध्याकाळी सात. मला वेळा पाळायला आवडतं. कोनाड्याशेजारी मी तक्ता लावला होता आणि थेंब टाकले की खूण करायचे.

बाकी दिवस आमचा आम्हालाच नकळत वाटला गेला होता. डाळ-तांदूळ मी निवडायचे, कणीक ती तिंबायची. बरणीचं झाकण ती उघडायची, आत काय आहे ते मी सांगायचे. सुईत दोरा मी ओवायचे, शिवायची ती, नुसत्या हाताच्या अंदाजाने, आणि टाके माझ्याहून सरळ. पेपर मी वाचायचे आणि ती मध्येच म्हणायची, "हे जाऊ दे, मेलेल्याईचं पान वाच." दुपारी ती माझे पाय मांडीवर घेऊन काश्याच्या वाटीने घासायची. उन्हाळ्यात आमरसाबरोबर खायला सरगुंडे करायचो. कणकेची दोरी वळून ती बारीक काडीवर गुंडाळायची आणि अलगद सरकवून काढायची. वळणं तिच्या बोटांची, आणि "इथे जाड झालं, इथे तुटलं," हे सांगणारे डोळे माझे.

तुमचे बाबा दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचे. आधी मला विचारायचे, आई, तुझं जमतं ना सगळं? मी म्हणायचे, जमतं. मग फोन कमळकडे. आत्या, तुझं? ती म्हणायची, हाव, जमते. आम्ही दोघीही खोटं बोलत नव्हतो. सगळं रोज होतच होतं. पण ते एकीचं नव्हतं, दोघींचं मिळून होतं, हे आमच्या कधी लक्षातच आलं नाही. फोन एकेकीला जायचा आणि आम्ही एकेकीच उत्तर द्यायचो.

मग माझे गुडघे पार गेले. पुण्याला ऑपरेशन ठरलं. आधी एक गुडघा, काही आठवड्यांनी दुसरा. मेधाने दोघींनाही बोलावलं होतं. कमळ म्हणाली, "येथं मले डोये लागतच नाही. सैपाकघरातून नळापर्यंत एकोनीस पावलं, नळापासून दारापर्यंत अकरा. तुह्या पुण्यात डोये लागतीन." शेजारच्या वंदनाने भाजी, औषध आणून द्यायचं कबूल केलं. डोळ्यांत थेंबही टाकते म्हणाली. कमळने तिला साफ नाही म्हणून सांगितलं. "दोन येळा कोनाच्या लेकीबाळीले दाराशी उभं कराव? मले येते."

मी शिक्षिका. नुसत्या 'येते'वर माझं समाधान होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी तिला समोर बसवलं. "टाकून दाखव."

तिने मान मागे केली, बाटली धरली. पहिला थेंब नाकावर पडला. आम्ही दोघी हसलो. मी तिची हनुवटी नीट केली, "असं, हं, आता दाब," म्हटलं. दुसऱ्या खेपेला थेंब बरोबर डोळ्यात गेला. मग दुसऱ्या डोळ्यातही गेला.

"झाली का पास?"

"झालीस," मी म्हटलं, आणि तक्त्यावर खूण केली.

पुण्याचं तुम्हाला नव्याने सांगायला नको, मेधाआत्याचा फ्लॅट तुम्ही पाहिला आहे. सहावा मजला, लिफ्ट, गॅलरीतून दिसणारी दुसऱ्यांची गॅलरी. सुरुवातीचे महिने वॉकर, फिजिओ आणि बर्फाच्या पिशव्या यांतच गेले. रोज संध्याकाळी सव्वासातला मी मेहकरला फोन लावायचे.

"टाकले?"

"टाकले नं वं बाई. रोज काय परीक्षा घेऊन राह्यली माही?"

एवढं झालं की आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. संक्रांत आली तेव्हा दुसरा गुडघा नुकताच झाला होता. "येऊ नको," ती म्हणाली, "अर्धे पाय घेऊन काय करतं? पुरते करून ये."

चैत्रात डॉक्टर म्हणाले, आता प्रवासाला हरकत नाही. इथून पुढचं लिहिणं अवघड आहे, पण तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे. मी गेले नाही. कितीतरी वर्षांनी मला दुखल्याशिवाय चालता येत होतं. सोसायटीच्या बागेत सकाळी चार फेऱ्या व्हायच्या. खालच्या मजल्यावरच्या बायकांचा वाचनाचा गट होता. त्यात इंग्रजी कादंबऱ्या वाचणारी मी एकटीच, त्यामुळे मला मान होता. नळाला गरम पाणी होतं. मेधा म्हणायची, अजून थोडी राहा ना. फोनवर कमळ म्हणायची, जमते. मी तिच्या 'जमते'वर विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं माझ्या सोयीचं होतं. मला जाता येत होतं. चैत्र गेला, वैशाख गेला, सरगुंड्यांचे दिवसही गेले.

आषाढात एक दिवस मी न कळवता निघाले. तिला चकित करायचं होतं. मेहकरच्या स्टँडवर उतरले, रिक्षा केली आणि गल्लीच्या तोंडाशीच सोडून दिली, घरापर्यंत आपल्या नव्या पायांनी चालत जायचं म्हणून. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या घड्याळात संध्याकाळच्या सातला दोन-तीन मिनिटं असतील.

कमळ दिवाणाच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून बसली होती. पातळ नीट नेसलेलं, केस विंचरलेले. तिने कोनाड्यातून बाटली काढली, झाकण मांडीवर ठेवलं, मान मागे केली. बाटलीचं टोक डोळ्याजवळ आलं की पापणी आपोआप मिटायची. तिने दाबलं. थेंब पापणीवर पडला आणि गालावरून खाली ओघळला. दुसरा डोळा, तेच. तिने पदराने गाल टिपले, झाकण लावलं, बाटली जागेवर ठेवली. मग उशाजवळच्या डब्यातून तुरीचा एक दाणा काढून शेजारच्या वाटीत टाकला आणि स्वतःशीच म्हणाली, "झालं."

ती वाटी काठोकाठ भरली होती. माझ्या तक्त्यावर खूण करायला तिला दिसत नव्हतं, म्हणून तिने आपला तक्ता असा केला होता. दर खेपेला एक दाणा. एकही वेळ चुकवली नव्हती.

मी दारात उभी होते, तिच्यापासून चार हातांवर. आणि तेव्हा मला आठवलं. मी निघायच्या आदल्या दिवशीच्या त्या परीक्षेत तिची पापणी मी धरली होती. हनुवटी सरळ करता करता माझा अंगठा सवयीने तिच्या पापणीवर गेला होता आणि थेंब पडेपर्यंत तिथेच होता. पास मी झाले होते. खूण तिच्या नावावर केली.

"कोन हाय?" ती म्हणाली. माझा श्वास तिला ऐकू आला असावा.

"मी."

"कोन मी?" मग थांबून, "वैनी? अवं, तुहे पाय कोठी गेले? वाजले नाही."

इतकी वर्षं ती मला माझ्या घासणाऱ्या पायांवरून ओळखायची. आता ते घासत नव्हते. मी तिच्या समोर जाऊन बसले, तरी तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेलेली. मी हात हलवला, तिला काही दिसलं नाही. समोरचं ते नळीएवढंही उरलं नव्हतं.

"कमळ, थेंब आत जात नाहीत गं. गालावर पडतात."

"एखांदा जाते," ती म्हणाली. "गालावर पडते ते समजते मले. पन एखांदा जात असन, असं वाटे."

"मग फोनवर सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तं तू आली नसती का? पाय अर्धे टाकून आली असती."

ती माझा गुडघा चाचपत होती, वरून खाली, एखादी नवी वस्तू पाहावी तशी. "चांगला बसोला त्याईनं," म्हणाली. "गोल हाय." मग उठून पावलं मोजत नळाशी गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. पेला भरलेला, एक थेंब सांडला नाही.

डॉक्टरांनी तपासलं आणि जे सांगितलं ते मला त्या दारातच कळलं होतं. तुमच्या बाबांनी तिकडून फोन केला. ते कोणावरही रागावले नाहीत, मला तेच जास्त लागलं. मी म्हटलं, आम्ही दोघी मेहकरला राहतो पहिल्यासारख्या. ते म्हणाले, आई, आता ते होणार नाही. त्यांचंही बरोबर होतं. माझी बोटं थेंब टाकण्यापुरतीच उरली होती.

कमळला आम्ही पुण्याला आणलं. मेहकरला ती आंधळी नव्हती, हे मला पुण्यात कळलं. या फ्लॅटमध्ये तिला पावलांचे आकडेच बसेनात. टाइल्स सगळीकडे सारख्या, भिंती सारख्या, दारं आवाज न करता मिटणारी. एकदा ती बाथरूम समजून बाहेरच्या दारातून लिफ्टपर्यंत गेली आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली, कोणी येईपर्यंत. त्यानंतर ती खुर्चीतून उठेनाशी झाली. मेधाने एकदा प्रेमाने म्हटलं, आत्या, चल ना, गॅलरीपर्यंत चालू. कमळ माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाली, "आता आय कॅन नाही वं, वैनी."

आमची आई दुसरबीडला म्हणायची, "येत नाही असं म्हनाले लय ताकद लागते पोरी." कमळकडे ती ताकद आली तेव्हा तिच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं.

सात वाजले की मी मात्र थेंब टाकायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता उपयोग नाही. कमळलाही ते ठाऊक होतं. ती मान मागे करायची, मी पापणी धरायचे. एकदा मी म्हटलं, "राहू देऊ का?" ती म्हणाली, "टाक. तुले बरं वाटते तं टाक." अशी ती वर्षभर माझ्यासाठी डोळे उघडून बसली. गेल्या मार्गशीर्षात दोन दिवसांच्या तापाने गेली. तुम्हाला तेव्हा फक्त 'कमळाआजी गेली' एवढं कळवलं होतं.

तुम्ही सुट्टीत येणार आहात आणि ओमने निरोप पाठवला आहे की आजी, सरगुंडे कर. ओम, मला सरगुंडे करता येतात असं तुझे बाबा सांगत असतील. मला फक्त कुठे जाड झालं आणि कुठे तुटलं, एवढं सांगता येतं.

मेहकरचं घर अजून आहे, किल्ली वंदनाकडे असते. लोक विचारतात, आता तुमचे पाय चांगले आहेत, अधूनमधून का जात नाही? मला तिथे जाववत नाही. तरी माघात मेधाबरोबर एकदा गेले, कमळचं सामान आवरायला. सामान म्हणजे चार पातळं, काश्याची वाटी आणि तुरीची ती वाटी. मेधा पलीकडे वंदनाला भेटायला गेली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि डोळे मिटून घेतले. कमळची एकोणीस पावलं एक, दोन, तीन अशी मोजत नळाकडे निघाले. घरात पाय घासल्याचा आवाज नव्हता. माझा नव्हता, कोणाचाच नव्हता. दहाव्या पावलाला हात आपोआप पुढे आले. बाराव्याला वाटलं, समोर काहीतरी आहे.

चौदाव्या पावलावर मी डोळे उघडले. समोर काही नव्हतं. नळ अजून पाच पावलांवर होता.

तुमची,
आजी